चार नंबरचा स्पार्क

"स्पार्क दिसला म्हणजे रोग गेला असं समजणाऱ्या माणसाच्या हातात मी माझी सायकलसुद्धा देणार नाही," असं तो एकदा भर दुपारी, वीस गिऱ्हाइकांसमोर, पाना आपटून म्हणाला होता. ज्याला म्हणाला तो पांढऱ्या बुटांचा माणूस होता. भाड्याने घेतलेली क्वाड बाईक त्याने डबक्यात घातली होती, आणि प्लग काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून, "स्पार्क तर येतोय की," एवढंच तो बोलला होता. पुढचा अर्धा तास त्याला बोलायला मिळालं नाही.

सगळे त्याला मीटर म्हणत. शर्टाच्या वरच्या खिशात करंट मोजायचं पिवळं मीटर असे, एक कोपरा फुटलेला, वर चिकटपट्टी. मेहुणीच्या लग्नातही ते खिशात होतं आणि जेवणं होईपर्यंत तो मंडपामागे जनरेटरवाल्याशी भांडत बसला होता. नावाचं दुसरं कारण कुणाला सांगावं लागत नसे. सकाळी शेडचं दार उघडायच्या आधी माणसं एकमेकांना विचारत, आज मीटर कितीवर आहे. बहुतेक दिवशी उत्तर एकच असे.

शेड एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर होती. खाणीतून तीस-चाळीस वर्षं दगड काढला, मग खाली पाणी लागलं, मालक निघून गेले. मागे राहिले खड्डे, खडीचे ढीग आणि एक लांब, अंगावर येणारा चढ, ज्यावरून एकेकाळी ट्रक वर जात. ती जागा त्याच्या धाकट्या भावाने घेतली. तिकिटाची खिडकी केली, टायर रंगवून रस्त्याच्या कडेला पुरले, आणि नऊ क्वाड आणल्या. मोटरसायकलचं इंजिन आणि चार फुगीर चाकं, बसायचं घोड्यावर बसल्यासारखं. सगळ्या टू-स्ट्रोक, सगळ्या जुन्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजायचं, निळा धूर काढायच्या, आणि कुणाचंही काही ऐकायच्या नाहीत. धाकट्याने माणसं सांभाळायची आणि थोरल्याने गाड्या, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती. थोरल्याला माणसांसमोर उभं करणं म्हणजे धंदा बंद करणं, हे धाकट्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

टू-स्ट्रोकवर मात्र त्याचा जीव होता. तो म्हणायचा, फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे संसारी माणूस. दोन फेऱ्या होतात तेव्हा एकदा पेटतो, मधल्या वेळात विचार करतो. टू-स्ट्रोकला विचार नाही. दर फेरीला भडका. हे तो इतक्या समाधानाने सांगायचा की बायको आतून म्हणायची, हे कुणाबद्दल चाललंय ते या घरात सगळ्यांना कळतं.

त्याचा बाप पंप दुरुस्त करायचा. बापाने जे शिकवलं ते हाताने शिकवलं, आणि तो हात बहुतेक वेळा गालावर असे. वायर उलटी लावली की एक, नट आडवा चढवला की दोन. त्या माणसाबद्दल तो कधी वाईट बोलला नाही, चांगलंही बोलला नाही. फक्त कधी नट आडवा चढलेला दिसला की आधी त्याचा चेहरा लाल व्हायचा, मग आवाज यायचा. मोठा झाल्यावर त्याने कुणावर हात उचलला नाही, याचा त्याला अभिमान होता. तोंडाचं त्याने कधी धरलं नाही. तोंड म्हणजे हात नव्हे, असा त्याचा हिशेब.

गिऱ्हाइकं खोटं बोलत. गाडी पाण्यात घालत आणि म्हणत, आपोआप बंद पडली. क्लच जाळत आणि म्हणत, आधीपासूनच वास येत होता. पहिल्या वर्षीच वैतागून त्याने तक्रारींच्या वहीत पट्टीने एक जादा रकाना आखला. तारीख, गाडीचा नंबर, तक्रार, काय सापडलं, आणि शेवटी दोष. त्या रकान्यात एकच अक्षर. यंत्राचा दोष असेल तर य, चालवणाऱ्याचा असेल तर च. लाल पेनने. धाकट्याला ही कल्पना फार आवडली. कुणी वाद घातला की तो खिडकीतून वही बाहेर धरायचा. परवाना देणाऱ्या ऑफिसनेही ती वही पाहिली, शाबासकी दिली आणि गाड्या तपासून पास करायचा अधिकार त्याच्या नावाने लिहून दिला. तो कागद त्याने शेडमध्ये काचेत लावला. इतर कुठला कागद त्याने आयुष्यात भिंतीवर लावला नव्हता.

सुरुवातीला दोन्ही अक्षरं बरोबरीने असायची. मग च वाढत गेले. चार-पाच वर्षांनी पानंच्या पानं लाल च, एकाखाली एक, वाकड्या खिळ्यांसारखे. माणसाला तोंड असतं म्हणून तो खोटं बोलतो, मीटरला तोंड नाही, असं तो म्हणायचा. हे वाक्य ऐकून लोक हसायचे. मग हसायचे बंद झाले, कारण ते त्यांच्याबद्दलच होतं.

त्याला एकच लेक. शेडच्या दारात तेलाच्या डब्यावर बसून ती वाढली. तिने पाना उचलला की तो हातातून काढून घ्यायचा, म्हणायचा, तू हात काळे करायचे नाहीस. म्हणून ती गाडी चालवायला शिकली. शिकवलं काकाने. चढावर अंग पुढे कसं टाकायचं, उतारावर मागे कसं बसायचं, रेस कधी सोडायची नाही. एकोणिसाव्या वर्षी तिला गटप्रमुखाचा बिल्ला मिळाला. नारिंगी जाकीट घालून ती पुढे, मागे सहा गिऱ्हाइकं. बदकीण आणि पिल्लं. आता ती चोवीसची होती. एवढ्या वर्षांत तिच्या गटातल्या कुणाला खरचटलंही नव्हतं. बाप तिचं चालवणं शेडच्या दारातून बघायचा, पण कुणी बघतंय असं वाटलं की वाकून काहीतरी शोधायला लागायचा. छान चालवतेस असं तो एकदाही म्हणाला नाही. वाईट चालवतेस असं मात्र दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा लिहून ठेवलं.

ते असं झालं. एका संध्याकाळी ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, चार नंबर चढावर बंद पडते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला. वीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी चालू होते. तो तेव्हा सात नंबरच्या ब्रेकशी झगडत होता. उद्या बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेली चार नंबर त्याने बाहेर काढली. पहिल्या किकला चालू. प्लग काढला, टेकवला, किक मारली. जाड, निळा स्पार्क. मॅग्नेटच्या चाकाखाली एक कॉइल असते, तीच सगळा करंट तयार करते. तिच्या दोन वायरींना मीटर लावलं. तीनशे दहा. पुस्तकात आहेत तेवढेच ओहम, म्हणजे तार ठीक. पेट्रोलची नळी फुंकून बघितली. मग वहीत तिची तक्रार जशीच्या तशी उतरवली आणि पुढे लिहिलं: काही सापडलं नाही. च. लेकीला म्हणाला, वरचा गिअर लवकर टाकतेस, इंजिन गुदमरतं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी आवाज चढलेला होता. गिअर बदललाच नव्हता म्हणाली. तो म्हणाला, मीटर खोटं बोलतं का. ती म्हणाली, मग मी बोलते का. त्याने सकाळी परत तेच केलं, परत तीनशे दहा आलं, परत च लिहिला. या खेपेला त्याने पुढे दोन शब्द जोडले: चालकाची सवय.

नऊ दिवसांनी चार नंबर लांब चढाच्या मध्यावर बंद पडली. गाडी मागे सरकली. मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिने हँडल वळवलं, गाडी आडवी झाली आणि तिच्या पायावरून लोळत गेली. गिऱ्हाईक वाचलं. तिच्या नडगीचे तीन तुकडे झाले. हाडात दोन सळया घालाव्या लागल्या.

दवाखान्यात तो डॉक्टरवर ओरडला, नर्सवर ओरडला, लिफ्टवर ओरडला. कुबड्या आणून देणाऱ्या माणसाला म्हणाला की याची वेल्डिंग बघून तुला लाज कशी वाटत नाही. धाकटा पुतणीपाशी बसून होता. सफरचंद कापत होता आणि कुणीच खात नव्हतं म्हणून स्वतःच खात होता. त्याचेही डोळे सुजले होते. तो वाईट माणूस नव्हता. पण वाचलेल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली, परवाना ऑफिसने चार नंबरला सील लावलं, तपासनीस येणार असं पत्र आलं, आणि मग धाकट्याने डोळे पुसून विचार सुरू केला.

विचार सरळ होता. दोष गाडीचा ठरला तर नऊच्या नऊ गाड्या बंद, एकेक तपासून होईपर्यंत खाणीला कुलूप. दोष चालवणारीचा ठरला तर फक्त एक बिल्ला जातो. कायमचा जातो, हे खरं. पत्रात तसंच लिहिलं होतं. पण पोर तरुण आहे, शिकलेली आहे, तिला कुठेही काम मिळेल. हे तो थोरल्या भावाला शेडमध्ये सांगत होता, उभ्याउभ्या, हातात चहा घेऊन. थोरला ऐकत गेला आणि त्याची मान लाल होत गेली. मग तो जे बोलला ते तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू आलं. तिला गाडीवर बसवलं कुणी, शिकवलं कुणी, आणि आज तिलाच विकतोस, नऊ डबड्यांसाठी. माझी लेक चढावर चूक करेल? ती? जीभ झडेल तुझी.

धाकट्याने चहा खाली ठेवला. खिडकीतून वही आणली, पान उघडलं आणि बाकावर ठेवलं.

"दादा, हे मी नाही म्हणत," तो म्हणाला. "हे अक्षर तुझं आहे."

दोन लाल च. त्याखाली, जपून काढलेल्या अक्षरात, चालकाची सवय.

तो त्या पानाकडे बघत राहिला. नंतर पाना फेकला. धाकट्याकडे नाही, भिंतीकडे. पत्र्याला पोचा पडला. धाकटा जाताना म्हणाला की वहीच्या प्रती तपासनिसाकडे गेल्या आहेत, आता फाडून काही उपयोग नाही. फाडायचं त्याच्या डोक्यात आलंही नव्हतं. आपल्याबद्दल भावाला असं वाटू शकतं, याचाच त्याला पुन्हा राग आला.

घरी तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. बोलला नाही म्हणजे ओरडला नाही, आणि त्यामुळे घरात सगळे जास्त घाबरले. लेक बाहेरच्या खोलीत पलंगावर, पाय उशीवर. तो तिच्यासमोरून जायचा, तिच्या पायाकडे बघायचा, मग पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, हा पंखा आवाज करतोय. पंखा आवाज करत नव्हता. बायको शेवटी म्हणाली, तुम्हाला यंत्राची दया येते, आम्हालाही कुठे एखादा नट बसवून घ्यावा म्हणते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगापाशी स्टूल घेऊन बसला.

"बंद कशी पडली?"

"दोनदा सांगितलंय."

"तिसऱ्यांदा सांग."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "बटण दाबून दिवा घालवतात तशी. खोकली नाही, अडखळली नाही. माझ्या हातात पूर्ण रेस होती आणि खाली काहीच नव्हतं."

तो उठला. स्टूल मागे पडलं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन कण्हत मरतं. झटके देतं, दम टाकतं, वेळ घेतं. करंट तुटला की ते एका क्षणात मरतं. हे तो तीस वर्षं जगाला सांगत आला होता. पांढऱ्या बुटांच्या माणसांना, शिकाऊ मिस्त्र्यांना, लग्नातल्या जनरेटरवाल्याला. आणि कॉइलच्या आतली केसाएवढी तार तुटत आलेली असेल तर थंडीत तिची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, मीटर पूर्ण आकडा दाखवतं. तापली, पसरली, की टोकं सुटतात. वीस मिनिटांनी गार झाली की परत टेकतात. वीस मिनिटं. लेकीने नेमका हाच आकडा सांगितला होता. तिने रोगाचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं. आणि तो दोन्ही वेळा सकाळी, थंड गाडीपाशी, मीटर घेऊन गेला होता. कारण संध्याकाळी, तापलेल्या गाडीपाशी जायचं म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवल्यासारखं झालं असतं.

हे त्याने तिला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मोरीत गेला आणि स्वच्छ असलेले हात धूत बसला.

तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला. सडपातळ, नीटनेटका, फाइलला रबरबँड लावलेला माणूस. आवाज चढवून बोलायची त्याला गरज पडत नसावी. सोबत त्याने स्वतःचं मीटर आणलं होतं, नवं कोरं. चार नंबरचं सील त्याने तोडलं, प्लग काढला, किक मारायला लावली. जाड निळा स्पार्क. कॉइल मोजली. तीनशे दहा. पेट्रोल ठीक, ब्रेक ठीक, वाकलेलं हँडल अपघातात वाकलेलं. मग वहीची प्रत काढून दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली. लेकीला हजर राहायला सांगितलं होतं. ती काकाच्या गाडीतून आली होती आणि शेडच्या दारात खुर्चीवर बसली होती, पाय पुढे करून, कुबड्या मांडीवर. आई मागे उभी होती. धाकटा साहेबांसाठी थंड पाणी घेऊन आला.

तपासनीस म्हणाला, गाडीत दोष दिसत नाही.

"दिसणार नाही," मीटर म्हणाला. "ती थंड आहे. तुम्ही झोपलेल्या माणसाला विचारताय, पाय दुखतो का."

धाकटा घाईने म्हणाला, दादाचं बोलणं साहेबांनी मनावर घेऊ नये, घरातलं दुःख आहे. मीटर त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, तू आणखी एक शब्द बोललास तर या सगळ्यांसमोर तुला तेलाच्या टाकीत बुडवीन. तपासनिसाने घड्याळ बघितलं. तापवून दाखवा, चालू केल्यापासून अर्धा तास देतो म्हणाला. त्याच्याकडे दुपारी दुसरं काम होतं.

मीटरने चार नंबरच्या मागच्या कॅरिअरवर खडीची दोन पोती बांधली. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडवली. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बटणाचा दोष होता. सात नंबरचा करंटचा काळा डबा, प्लगवरची कॉइल आणि प्लग काढून चारला लावले; सात नंबर त्याच चढावर कधी बंद पडली नव्हती. म्हणजे करंटच्या वाटेवर चार नंबरचं स्वतःचं असं आता मॅग्नेटखालची कॉइल तेवढी उरली. हे तो करत असताना प्रत्येक गोष्ट तपासनिसाला मोठ्याने सांगत होता, शिव्या दिल्यासारखी. मग अठ्ठावन्न वर्षांचा, एक गुडघा न वाकणारा तो माणूस गाडीवर चढला आणि खाणीत उतरला.

पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण रेस देऊन, चढाच्या अर्ध्यापर्यंत आणि खाली. अर्ध्यापर्यंत आणि खाली. निळ्या धुराने खाण भरली. दहा मिनिटं झाली. पंधरा. वरून धाकटा बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल होत होता. वीस. गाडी इतकी सुरळीत चालत होती की जणू मुद्दाम. मीटर तिच्याशी बोलत होता. वर ऐकू येत नव्हतं, पण तोंड हलताना दिसत होतं, आणि ते गोड बोलणं नव्हतं. चोविसाव्या मिनिटाला तपासनिसाने फाइलचं रबरबँड काढलं आणि पेन उघडलं.

दारातून लेक म्हणाली, "बाबा थोडे थोडे थांबतायत. थांबायचं नाही. सलग वरपर्यंत जायला सांगा." कुणी हललं नाही. मग आईच काठापर्यंत गेली आणि खाली ओरडली, जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर सगळ्यांसमोर ओरडली, की ती म्हणतेय थांबू नका, सलग वर जा.

त्याने वर बघितलं. एकदाच. मग वळला आणि न थांबता चढाला लागला. मध्याच्या थोडं पुढे आवाज गेला. खोकला नाही, झटका नाही. खाणीत एकदम त्याच्या श्वासाचाच आवाज राहिला. त्याने दोन्ही ब्रेक आवळले, गाडी हातभर मागे सरकली आणि थांबली. तिथेच, चढावर, एका हाताने ब्रेक धरून तो ओरडला, की साहेबांनी यावं, लगेच, बूट खराब झाले तर मी पुसून देतो.

तपासनीस उतरला. मागोमाग धाकटाही, त्याने चाकांखाली दगड लावले. मीटरने कॉइलच्या वायरींची जोडणी उचकटली आणि म्हणाला, माझं मीटर नको, तुमचं लावा. तपासनिसाने लावलं. काचेवर डाव्या कडेला एकच आकडा उभा राहिला.

"एक?" तपासनिसाने विचारलं.

"एक म्हणजे काहीच नाही. मोजायला तारच नाही. मीटर हात वर करतंय."

ते तिघे तिथेच उन्हात वीस मिनिटं उभे राहिले. मग आकडे हलायला लागले. नाचले, गेले, आले, आणि तीनशे बारावर थांबले. तपासनिसाने ते लिहून घेतलं. धाकटा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. नऊ गाड्या त्या आकड्यांबरोबर गेल्या होत्या.

शेडमध्ये परत आल्यावर तपासनीस लेकीला म्हणाला की बिल्ला राहील, पत्र आठवड्यात येईल. तिने मान हलवली. मग त्याने वहीची प्रत मीटरसमोर ठेवली. आवाज तोच, सरळ. तक्रार दोनदा आली होती. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बंद पडते, वीस मिनिटांनी चालू होते, असं इथे तुमच्याच हाताने लिहिलं आहे. तुम्हाला आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं का.

"होतं."

"मग तापवून का नाही तपासलीत?"

धाकटा उठून मध्ये आला. म्हणाला, साहेब, कामाचा बोजा होता, नऊ गाड्यांना एक माणूस, मीच घाई करत होतो, तसं लिहा. खरं तर त्याने तसं कधी केलं नव्हतं. मीटरने त्याला हाताने बाजूला सारलं, हलकेच, आणि तपासनिसाच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. अपघाताच्या कारणाखाली दोष कुणाचा अशी ओळ होती. तिथे त्याने एक अक्षर लिहिलं नाही. पूर्ण लिहिलं: गाडीचा, आणि तपासणाऱ्याचा. चालवणारीने दोन वेळा बरोबर सांगितलं होतं. खाली सही केली. लाल पेन नव्हतं, तपासनिसाच्या निळ्याने केली.

तपासनिसाने ते वाचलं आणि म्हणाला की मग मला काचेतला तो कागद न्यावा लागेल. मीटरने स्वतःच तो भिंतीवरून काढला. खिळा निघत नव्हता म्हणून खिळ्याला शिवी दिली. कागद दिला. तपासनीस गेला. धाकटा त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला, कारण कुणीतरी जायला हवं होतं.

शेडमध्ये तिघं राहिली. बायको म्हणाली, चला, घरी जाऊ. लेक खुर्चीवरून उठली नाही.

"मला वाचायला येतं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही साहेबांसाठी लिहिलंत ते मी वाचलं. तुम्ही वहीत लिहिलं होतंत तेही मी वाचलं होतं, तेव्हाच. चालकाची सवय. पुढचे नऊ दिवस मी ती गाडी घेऊन चढावर जात होते आणि स्वतःचीच चूक शोधत होते. गिअर बदलायच्या आधी दोनदा विचार करायचे मी. तुमच्यामुळे. आता कागदावर नको. मला सांगा. तोंडाने."

बायको म्हणाली, अगं, आत्ता नको. लेक म्हणाली, आत्ताच. तिचा आवाज चढला होता आणि मान लाल झाली होती, अगदी त्याच जागी, कानाखाली. "जगाला ऐकवता. लिफ्टला ऐकवता. पंख्याला ऐकवता. मला दोन शब्द सांगा."

तो बाकापाशी उभा होता. हाताला तेल होतं, ते त्याने भुशात चोळलं, फडक्याला पुसलं, परत चोळलं. त्याचं तोंड उघडलं. ओठ हलले. एखादं इंजिन किकवर किक मारूनही उचलत नाही, तसा तो तिच्यासमोर उभा राहिला. ती वाट बघत होती. तिने नजर काढली नाही, सूट दिली नाही.

त्याने फडकं बाकावर ठेवलं, दुमडून, चारही कडा जुळवून. तिच्या पुढे केलेल्या पायाला धक्का लागू नये म्हणून दारातून आडवा होऊन, भिंतीला पाठ घासत निघाला, आणि काही न बोलता बाहेर पडला.